नानांना बघायला आलेली माणसं

"आठ दिवस. फक्त आठ दिवसांचा प्रश्न आहे," कुंदाताई दारातूनच म्हणाल्या आणि शरच्चंद्र करंदीकरांनी हातातला चहाचा कप जिथल्या तिथे खाली ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात ‘फक्त आठ दिवस’ म्हणून या घरात आलेल्या वस्तूंची यादी त्यांना तोंडपाठ होती. मेहुणीचं शिलाई मशीन आठ दिवसांसाठी आलं होतं, ते अजून बाल्कनीत उभं होतं. भाच्याची सायकल आठ दिवसांसाठी आली होती. भाचा लग्न करून मोकळा झाला तरी सायकल जिन्याखालीच होती. या वेळची वस्तू तर श्वास घेत होती. कुंदाताईंच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक तपकिरी, डाव्या कानाचं टोक फाटलेलं, म्हातारं कुत्रं होतं.

कुंदाताई आठवड्यातून दोनदा भांडुपच्या ‘सोबती’ नावाच्या प्राणीघरात मदतीला जात. तिथलं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं आणि दिवसभराच्या ठोकाठोकीने म्हाताऱ्या कुत्र्यांनी खाणं सोडलं होतं. म्हणून प्रत्येकाने एकेक कुत्रं आठ दिवस घरी न्यायचं ठरलं होतं.

"मला न विचारता?" शरच्चंद्र गरजले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग न विचारता आणावं लागलंच असतं. एक फेरा वाचवला."

"नाव काय याचं?"

कुंदाताई जराशा घुटमळल्या. "नाना."

शरच्चंद्रांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीतून शरच्चंद्रांचे वडील, कैलासवासी नाना करंदीकर, नेहमीच्याच करड्या नजरेने खाली बघत होते.

"हे बघा, मी नाही ठेवलं हो. आत येण्याआधी दाराशी उभं राहून खोकतो, म्हणून तिथल्या मुलींनी ठेवलं," कुंदाताई म्हणाल्या. आणि खरोखरच त्या कुत्र्याने उंबऱ्यावर थांबून दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि मग सावकाश आत येऊन ते तसबिरीच्या बरोबर खाली बसलं.

खरी पंचाईत पुढे झाली. कुत्र्याला ‘हाड’ म्हणता येतं. नानांना ‘हाड’ म्हणायचं कसं? तेही वडिलांच्या देखत? पहिल्याच दुपारी नाना सोफ्यावर चढून झोपले, तेव्हा शरच्चंद्र तावातावाने पुढे गेले, दोनदा तोंड उघडून मिटलं आणि शेवटी म्हणाले, "नाना, जरा खाली बसता का?" स्वयंपाकघरात कुंदाताई पदर तोंडात धरून हसत होत्या. सासऱ्यांना वीस वर्षं ‘नाना, आता गप बसा’ म्हणायचं त्यांच्या मनात होतं. ती इच्छा देवाने अशी पूर्ण केली होती.

शरच्चंद्रांनी विक्रोळीच्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात एकोणतीस वर्षं काढली होती. छपन्नाव्या वर्षी ‘आता तरुण रक्ताला वाव द्यायचा आहे’ असं सांगून साहेबांनी त्यांच्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं होतं. त्याला आठ वर्षं झाली, पण घड्याळ अजून खोक्यातच होतं. काम वेळेआधी संपवायची सवय मात्र सुटली नव्हती. "आठ दिवस कशाला? चार दिवसांत याला घर शोधून देतो," त्यांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी मुलुंडभरच्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर मजकूर टाकला: ‘शांत, सुसंस्कृत, घरात राहण्याची सवय असलेला श्वान. वय बारा. प्रत्यक्ष भेटीस यावे.’

लोक यायला लागले. आणि इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आधी आले सुबोध आणि निधी, नव्या टॉवरमधलं तरुण जोडपं. कुंदाताईंनी सवयीने पोहे केले. आपल्याकडे घरात चार परकी माणसं कोणाला तरी ‘बघायला’ येणार म्हटलं की बाईचा हात आपोआप पोह्यांच्या डब्याकडे जातो. नानांना पुसूनबिसून सतरंजीवर बसवलं. शरच्चंद्र वधुपित्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले.

"किती क्यूट!" निधी म्हणाली. "पण अंकल, यांचं पपी वगैरे नाही का?"

"पपी?"

"म्हणजे छोटंसं. आम्हाला ना, लहानपणापासून वाढवायचंय."

"मजकुरात वय बारा लिहिलं होतं."

"आम्हाला वाटलं बारा आठवडे," सुबोध म्हणाला. मग त्याने नानांचा ओठ वर करून दात बघितले. "दोन नाहीयेत. आणि हा डोळा असा पांढरट का? गुडघ्यांचा पण प्रॉब्लेम दिसतोय. किती वर्षं काढेल हा अजून?"

शरच्चंद्रांच्या कपाळावरची शीर फुगली. हा प्रश्न नानांच्या तोंडावर विचारला होता! म्हणजे दोन्ही नानांच्या! पोह्यांच्या दोन दोन बश्या संपवून जोडपं उठलं. "घरी बोलून कळवतो," सुबोध लिफ्टमधून म्हणाला.

त्यांनी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी विलेपार्ल्याहून सुलक्षणाबाई आल्या. त्यांना बंगल्याच्या राखणीला कुत्रा हवा होता. त्यांनी पायातली चप्पल काढून जमिनीवर फाडकन आपटून बघितली. नाना घोरत राहिले.

"भुंकत नाही हा?"

"उगाच कशाला भुंकतील?" शरच्चंद्र म्हणाले. "चप्पल पडली म्हणून तुम्ही भुंकता का?"

सुलक्षणाबाईंनी तोंड वाकडं केलं. "वय झालंय हो याचं. आता याचा काय उपयोग? बरं, कळवते मी."

त्यांनीही कळवलं नाही. पण ‘वय झालंय, आता काय उपयोग’ हे वाक्य शरच्चंद्रांना जेवणातल्या खड्यासारखं लागलं. त्या संध्याकाळी नानांना फिरवून आणताना ते एकटेच मोठमोठ्याने बोलत होते. "बारा वर्षं एका घराने ठेवलं यांना. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, नव्या फ्लॅटच्या लाद्या खराब होतील म्हणून जुन्या गेटला बांधून निघून गेले. लाद्या! आणि आता हे उपटसुंभ येणार, फुकटचे पोहे खाणार आणि दात मोजणार! माणसं आहेत का कोण आहेत?" नाना मध्येच थांबले, गुडघे दुखत असावेत. मग शरच्चंद्रही थांबले. त्यांचेही दुखतच होते.

घरी येऊन त्यांनी चष्मा चढवला आणि कागद ओढला. पुरवठादार निवडायला ते जसं पत्रक करत, तसं त्यांनी ‘अर्जदार मूल्यमापन पत्रक’ तयार केलं. बेचाळीस प्रश्न. घरात दिवसभर कोण असतं? घरातल्या प्रत्येकाची लेखी संमती आहे का? बाल्कनीला जाळी आहे का? यापूर्वी कोणत्याही प्राण्याला, झाडाला किंवा नातेवाइकाला मध्येच सोडून दिलं आहे का?

"आणि हे सातवं कलम काय?" कुंदाताईंनी विचारलं.

"‘अर्जदाराचं वय साठच्या आत असावं.’ नानांचं वय विचारतात ना? मग त्यांनाही कळू दे, वय विचारल्यावर कसं वाटतं ते! शिवाय हा खरेदीतला पहिला धडा आहे. मालाच्या आधी पुरवठादार बंद पडता कामा नये."

"आणि अकरावं?"

"‘सर्व अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी.’ वशिलेबाजी नको."

‘सोबती’चा कारभार बघणाऱ्या श्रुतिकाला ते पत्रक इतकं आवडलं की तिने ते समितीत मंजूरच करून घेतलं. शंभर प्रती छापल्या. प्रत्येक प्रतीच्या तळाला बारीक अक्षरांत होतं: मसुदा, श. गो. करंदीकर. शरच्चंद्रांनी एक प्रत फायलीत लावली. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांचं काहीतरी मंजूर झालं होतं.

पत्रकाने कमाल केली. पुढच्या तीन दिवसांत नऊ जण आले आणि नऊही जण बाद झाले. शरच्चंद्र खुशीत होते. आपण घर शोधायला बसलो होतो, हे ते विसरून गेले होते. कुंदाताई विसरल्या नव्हत्या, पण गप्प होत्या.

सातव्या दिवशी सकाळी धोंडिराम परब आले. भांडुपला चाळीत राहणारे, आधी गिरणीत आणि गिरणी गेल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी वय विचारलं नाही, दात बघितले नाहीत. चपला बाहेर काढल्या आणि खुर्ची सोडून थेट जमिनीवर नानांच्या शेजारी बसले.

"काय रे झिला, पाय दुखतत?" असं म्हणत त्यांनी नानांचे गुडघे हळूहळू चोळायला सुरुवात केली. "माझो मोती असोच होतो. पंधरा वर्षां रवलो माझ्याकडे. गेल्या दिवाळीत गेलो. आता घरात पाय टाकूक नको वाटता."

आणि सात दिवसांत कोणासाठीही न उठलेले नाना उठले आणि शेपूट हलवायला लागले! शेपूट हलतं हेच शरच्चंद्रांना नवीन होतं. सकाळ-संध्याकाळ फिरवतो मी, दुधात पोळी कुस्करतो मी, औषधाची गोळी केळ्यात लपवतो मी, आणि शेपूट या माणसापुढे?

"वय काय आपलं?" त्यांनी पत्रक उघडलं.

"अडुसष्ट."

"अरेरे. सातवं कलम. साठच्या आत."

धोंडिराम नानांचे गुडघे चोळायचे थांबले. मग म्हणाले, "म्हणजे वय झाला म्हणान नाय?"

"नियम आहे. मी काय करणार? अर्ज ठेवून जा. बघतो, कळवतो."

धोंडिरामांनी अर्जावर सही केली, नानांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोह्यांना हातही न लावता ते गेले. दार लागल्यावर कुंदाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात झारा होता.

"लाज वाटते का काही?"

"कसली लाज? नियम म्हणजे नियम!"

"त्या पोराने दात बघितले तर दोन दिवस आरडाओरडा करत होतात. तुम्ही आत्ता वेगळं काय केलंत? मेल्या घड्याळवाल्या साहेबाला अजून शिव्या देता ना? आत्ता तुम्ही त्याच्याच खुर्चीत बसला होतात. आणि वर म्हणे कळवतो!"

शरच्चंद्र भडकले. भडकलेला माणूस बहुधा दोन प्रकारचा असतो, चूक नसलेला आणि चूक पकडली गेलेला. आणि दुसराच जास्त ओरडतो. ते अर्धा तास ओरडले. नाना तेवढा वेळ दाराकडे बघत बसले होते.

आठव्या दिवशी श्रुतिकाचा फोन आला. "काका, छप्पर झालं. पण तेवढ्यात पंधरा नवीन आलेत, जागाच नाही. ज्यांना घर मिळालं नाही त्यांना बदलापूरच्या शेडवर पाठवतोय. रविवारी सकाळी गाडी येईल, नानाला तयार ठेवा."

"बदलापूरला किती कुत्री आहेत?"

"दोनशेच्या वर असतील."

"आणि गुडघे कोण चोळणार यांचे? केळं कोण देणार?"

"काका, दोनशे आहेत," श्रुतिका हळूच म्हणाली.

शरच्चंद्र सदरा बदलून तडक भांडुपला निघाले. ‘सोबती’च्या टेबलावर त्यांनी मूठ आपटली. "नाना कुठेही जाणार नाहीत. मी ठेवतो त्यांना. आण कागद, सही करतो."

"अय्या, झकास!" श्रुतिका उडालीच. तिने ड्रॉवरमधून पत्रक काढलं. शरच्चंद्रांनी रागातच भराभर भरलं. सहावा प्रश्न झाला. सातव्याशी पेन थांबलं.

"काका, तुमचं वय?"

"चौसष्ट."

"साठच्या आत पाहिजे."

"हा काय मूर्खपणा आहे? साठी उलटली म्हणजे माणूस काय भंगारात गेला? कुत्र्याचं बारा वर्षं वय, त्याला सांभाळायला काय कॉलेजातला पोरगा पाहिजे? कोणी गाढवाने लिहिलंय हे?"

श्रुतिकाने पत्रकाच्या तळाकडे बोट दाखवलं. मसुदा, श. गो. करंदीकर.

शरच्चंद्रांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, नाव तेच होतं.

"खोडून टाक ते कलम," शरच्चंद्र शेवटी म्हणाले.

"खोडू की. समिती माझं ऐकेल, आणि मसुदा तुमचाच आहे. पण काका, सातवं खोडलं तर परब आजोबा पण बसतात. काकूंनी त्यांचा अर्ज इथे आणून दिलाय, बाकी सगळ्यात पास आहेत ते. आणि त्यांचा अर्ज तुमच्या आधीचा आहे." ती खाली बघून म्हणाली, "अकरावं कलम."

आता बघा, या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला कसं कोंडून घेतलं होतं. सातवं ठेवलं तर नाना बदलापूरला. सातवं खोडलं तर नाना भांडुपला. मुलुंडला नाना राहण्याची एकही वाट त्यांनी मोकळी सोडली नव्हती. एकोणतीस वर्षांत त्यांच्या कोणत्याही पत्रकात कधी पळवाट निघाली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान होता. त्या क्षणी त्यांना त्या अभिमानाची चीड आली, पत्रकाची चीड आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. श्रुतिकाच्या हातातून पेन घेऊन त्यांनी सातवं कलम असं खोडलं की खालचा कागदही फाटला.

"परबांचा नंबर दे," ते म्हणाले. "कळवतो म्हणालो होतो. कळवलं नाही."

रविवारी सकाळी गाडीच्या आधी धोंडिराम आले. शरच्चंद्रांनी नानांचं सामान बांधून ठेवलं होतं: कुंदाताईंच्या जुन्या साडीची गोधडी, औषधं, अर्धा डझन केळी आणि दोन पानांची सूचनांची यादी. धोंडिरामांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली.

"‘गोळी केळ्यातच द्यावी. वेलची केळं असावं, हिरवं चालत नाही. दुपारी दीड ते तीन नानांना कोणी हाक मारू नये. पायऱ्या उतरताना आपण एक पायरी पुढे राहावं, म्हणजे त्यांना भीती वाटत नाही. खाकरल्याशिवाय आत येत नाहीत, घाई करू नये...’" धोंडिरामांनी मान वर करून बघितलं. शरच्चंद्र पाठ फिरवून बाल्कनीतल्या शिलाई मशीनची धूळ झटकत होते. आठ वर्षांत त्यांनी त्या मशीनला हात लावला नव्हता.

"चल रे नाना," धोंडिरामांनी दोरी हलवली. नाना आनंदाने उठले, शेपूट हलवत दारापर्यंत गेले आणि थांबले. मागे वळून त्यांनी शरच्चंद्रांकडे बघितलं. फिरायला जाताना हा माणूस एक पायरी पुढे असतो. आज का येत नाही? ते उंबऱ्यावर बसले. एकदा खाकरले.

शरच्चंद्रांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना संताप आला. "जा की! बघताय काय माझ्याकडे? जा!" ते म्हणाले आणि पुन्हा मशीनकडे वळले.

धोंडिराम जागचे हलले नाहीत. मग त्यांनी दोरी कुंदाताईंच्या हातात दिली, आत येऊन खुर्चीवर बसले आणि हात पुढे केला.

"तो तुमचो फॉर्म देवा हय. आणि तुमी बसा थंय, समोर."

"कशाला?"

"आता मी तुमका बघतंय."

कुंदाताई लगबगीने पोहे टाकायला गेल्या. पुढची वीस मिनिटं शरच्चंद्र करंदीकर खुर्चीच्या कडेवर बसून बेचाळीस प्रश्नांची उत्तरं देत होते. घरात दिवसभर कोण असतं? मीच असतो, दुसरीकडे कोण ठेवून घेतंय? यापूर्वी कोणाला मध्येच सोडून दिलं आहे का? इथे त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात एका माणसाला दारातून परत पाठवलं." धोंडिरामांनी तेही लिहून घेतलं. बाल्कनीच्या जाळीला हात लावून बघितला. पोहे सावकाश, चवीने, दोन बश्या खाल्ले. मग उठले.

"बरा तर. घराक जाऊन कळवतंय."

दार लागलं. शरच्चंद्र खवळले. "कळवतो? कळवतो म्हणजे काय? हो का नाही, तोंडावर सांगायला काय जातं? माणसाचा जीव इथे टांगणीला!"

"हं," कुंदाताई म्हणाल्या. "कसं वाटतं?"

गाडी आली, नानांचं अजून ठरायचंय म्हणून तिला थांबायला सांगितलं. शरच्चंद्र फोन हातात घेऊन दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते, नाना त्यांच्या मागून मान फिरवत होते. पाऊण तासाने फोन वाजला. मागे कुत्र्यांचा कल्लोळ ऐकू येत होता. धोंडिराम घरी न जाता थेट ‘सोबती’त गेले होते.

"करंदीकरांनु, होकार आसा. माझो अर्ज मी मागे घेतलंय."

शरच्चंद्रांनी नुसतंच "अहो... अहो..." केलं.

"आयका. हयसर एक कुत्री आसा, तेरा वर्षांची. दोनव डोळ्यांनी दिसणा नाय तिका. बदलापूरच्याच गाडीत जायत होती. तिका मी माझ्या घराक व्हरतंय. पण श्रुतिका म्हणता, घर तपासूक कोणतरी येवक होया. नियम आसा तुमचो. तेवा पुढच्या रविवारी तुमीच येवा. वयनींका आणि नानाकव घेवन."

गाडी त्या दिवशी दोन जागा मोकळ्या ठेवून बदलापूरला गेली. संध्याकाळी शरच्चंद्रांनी खोक्यातलं घड्याळ बाहेर काढलं आणि भिंतीवर टांगलं. नानांच्या गोळ्यांच्या वेळा चुकायला नकोत, एवढंच कारण त्यांनी दिलं.

पुढच्या रविवारी भांडुपच्या चाळीत परबांच्या घरी झाडलोट झाली होती. आत गॅसवर कसली तरी फोडणी खमंग वास सोडत होती आणि मधोमध सतरंजीवर ती आंधळी कुत्री पुसूनबिसून बसवली होती. धोंडिराम नवा सदरा घालून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. शरच्चंद्र नानांच्या एक पायरी पुढे राहून जिना चढून आले. त्यांच्या काखेत बेचाळीस प्रश्नांची फाईल होती. नानांनी उंबऱ्यावर थांबून दोनदा खाकरलं.

"येवा, येवा. बसा. आधी पोहे खावा, मग काय तां इचारा," धोंडिराम गडबडीने म्हणाले.

शरच्चंद्रांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. ते दारातूनच म्हणाले, "पसंत आहे."